दर पावसाळ्यात घोडी आयाळ-शेपूट घासून काढते: खाजेचं मूळ कसं शोधलं

शेवंती ही माझी आठ वर्षांची घोडी. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे दस्तुरी नाक्यापासून आत माणसं आणि सामान न्यायला अजूनही घोडी लागतात. शेवंती त्यातलीच एक, कामाला चोख आणि स्वभावाने शांत. पण मृगाचा पाऊस सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले, की तबेल्याच्या खांबाला तिचे काळे केस चिकटलेले दिसायचे. मग आयाळ मुळापासून विरळ व्हायची. शेपटीचा बुंधा घासून घासून सोलवटायचा, मानेवर खपल्या धरायच्या आणि खपल्यांखालून पाणी सुटायचं. दिवाळीच्या आसपास सगळं आपोआप शांत, माघापर्यंत केस परत आलेले. पुढच्या मृगात पुन्हा तोच खांब आणि तेच केस.

पहिल्या वर्षी मी गजकर्ण समजून बुरशीचं मलम लावलं. दुसऱ्या वर्षी कुणी तरी म्हणालं, 'हरभरा उष्ण पडतोय', म्हणून चंदीतला, म्हणजे रोजच्या दाण्यातला, हरभरा बंद करून नुसता कोंडा आणि जव सुरू केले. तिसऱ्या वर्षी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. चार दिवस घोडी गोगलगायीसारखी निवांत होती, आठव्या दिवशी परत खांबाला. तिन्ही उपाय खरे आहेत, पण ते तीन वेगळ्या दुखण्यांवरचे. शेवंतीचं दुखणं चौथंच होतं.

उत्तर माझ्या डोळ्यांसमोर बांधलेलं होतं. शेजारच्या गव्हाणीवरचा तांबडा घोडा तीच चंदी खातो, तेच पाणी पितो, त्याच पावसात भिजतो. त्याच्या अंगावरून तोच खरारा, म्हणजे अंग घासायचा ब्रश, फिरतो. त्याचा एक केस इकडचा तिकडे झाला नव्हता.

एकाला की सगळ्यांना?

कुठलंही औषध उघडण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा. एकाच खराऱ्याने, एकाच खोगिराने दोन-तीन जनावरांना चट्टे उठत असतील, तर पसरणाऱ्या आजाराचा संशय घ्यायचा: गजकर्ण, उवा, खरूज. एकच जनावर दर वर्षी ठरावीक महिन्यांत खाजवत असेल आणि बाकीची धडधाकट असतील, तर ती बहुतेक त्या जनावराच्या शरीराची स्वतःची प्रतिक्रिया, म्हणजे अ‍ॅलर्जी.

दुसरा प्रश्न केव्हाचा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा करायला लागलो: आज घासलं, आज नाही, पाऊस, वारा, नवी पेंड, नवं खोगीर, इंजेक्शन. एका मोसमात चित्र स्पष्ट झालं. वारा असलेल्या दिवशी शेवंती शांत असायची. दमट, कोंदट, पाऊस थांबून ढग बसलेल्या संध्याकाळी तिचा खांबाशी सगळ्यात मोठा झगडा चालायचा. चंदीचा आणि खाजेचा काही मेळ नव्हता. खाण्याची अ‍ॅलर्जी असती, तर ती दिवाळीला सुट्टीवर कशाला गेली असती?

केस जागेवर आहेत का?

कातडी सुजून फुगे आले आहेत, पण त्यांच्यावरचे केस जागच्या जागी आहेत, असं दिसलं तर त्या गांधी समजा. माणसाच्या अंगावर पित्त उठतं, तसलाच प्रकार. काही मिनिटांत किंवा तासांत उठतात. कधी रुपयाएवढ्या गोल असतात, कधी कड्यासारख्या किंवा नागमोडी, बहुधा मानेवर, खांद्यावर, बरगड्यांवर. बोटाने दाबलं तर क्षणभर खळगा राहतो. मोबाइलवर फोटो काढून सहा तासांनी परत बघितलं, तर काही विरलेल्या आणि काही नव्या दिसतात.

अशा वेळी मागचे दोन दिवस आठवायचे. नवी पेंड, बुरशी लागलेलं गवत, गांधीलमाशी, नवा साबण, झुलीला वापरलेली नवी धुण्याची पावडर, पेनिसिलिनसारखं इंजेक्शन, लस. संशयाची गोष्ट बंद केली, की साध्या गांधी बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरतात. इंजेक्शननंतर उठल्या असतील, तर त्या औषधाचं नाव ठळक अक्षरांत लिहून तबेल्यात टांगा आणि प्रत्येक डॉक्टरांना आधी ते दाखवा. पुढच्या वेळची प्रतिक्रिया जास्त जोरात येऊ शकते.

पापण्या आणि ओठ सुजले, नाकपुड्या फुलवून घोडा धाप टाकतोय, घशातून शिट्टीसारखा आवाज येतोय किंवा तो लटपटतोय, असं झालं तर वाट बघत बसू नका. ही मिनिटांची गोष्ट असते आणि डॉक्टरांनी अ‍ॅड्रिनलीन द्यावं लागतं. तोंडातून काही पाजायच्या भानगडीत पडू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

केस गेले असतील, तर एक तर घोडा घासतोय किंवा कातडीत संसर्ग आहे. मग जागा बघायची.

जागा काय सांगते

तंगाखाली (खोगीर बांधायच्या पोटपट्ट्याखाली) आणि खोगिराखाली गोल चट्टे, केस तुटलेले, वर राखेसारखा कोंडा: हे गजकर्ण. खाज थोडीच असते, कधी अजिबात नसते. शेवंतीच्या बाबतीत मी इथेच चुकलो, कारण गजकर्णाचा घोडा खांब हलवून टाकत नाही. ते खोगीर, घाशा, खरारा यांच्यामार्फत पसरतं आणि माणसाच्या हातावरही येतं. बहुतेक वेळा दीड ते तीन महिन्यांत आपसूक बरं होतं, पण तोवर अख्खा तबेला धरतो. म्हणून औषधी शाम्पूइतकंच सामान धुऊन कडक उन्हात टाकणंही महत्त्वाचं. सारंगखेड्याच्या यात्रेतून किंवा दुसऱ्या कुठल्या बाजारातून नवा घोडा आणला, तर दोन-तीन आठवडे त्याचा खरारा आणि खोगीर वेगळं ठेवा. यात्रेत शंभर हात लागलेला घोडा असतो तो.

पाठीवर आणि पुठ्ठ्यांवर, म्हणजे पावसाचं पाणी जिथून ओघळतं त्या रेषांवर खपल्या आल्या असतील, आणि खपली ओढली की केसांचा झुबका रंगाच्या ब्रशासारखा हातात येऊन खाली ओलसर गुलाबी कातडी दिसत असेल, तर तो पावसाळी खपल्यांचा आजार. डर्माटोफिलस नावाच्या जिवाणूमुळे होतो. सतत भिजलेली आणि मऊ पडलेली कातडी त्याला लागते. माथेरानच्या पावसात हा सगळ्यांच्या ओळखीचा. खुराच्या वर, मागच्या खाचेतही होतो, तिथे लाल मातीचा चिखल दिवसभर चिकटलेला असतो. खपल्या कोरड्या ओरबाडू नका, दुखतं आणि घोडा लाथ मारायला शिकतो. क्लोरहेक्झिडिनच्या किंवा पोव्हिडोन आयोडीनच्या सौम्य द्रावणाने भिजवा, दहा मिनिटं तसंच राहू द्या, सैल झालेल्या खपल्या काढून जाळून टाका. मग घोडा पूर्ण कोरडा करा. ही शेवटची पायरी सगळे गाळतात. ओल्या अंगावर मेणकापडाची झूल टाकून ठेवली, तर औषध पाण्यात गेलं समजा.

फक्त शेपटीचा बुंधा घासतोय, आयाळ मात्र शाबूत आहे? मग आधी शेपूट उचलून बघा. गुदद्वाराभोवती पिवळट-पांढरट चिकट थर असेल, तर सूतकृमी मादीने अंडी घातली आहेत. पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबून डॉक्टरांकडे न्या, सूक्ष्मदर्शकाखाली लगेच कळतं. ती जागा रोज ओल्या फडक्याने पुसली, की अर्धी खाज कमी होते. फडकं मात्र फेकून द्या.

फक्त पांढऱ्या भागावरची कातडी लाल होऊन सोलली असेल, म्हणजे टिळ्यावर, नाकाच्या शेंड्यावर, पांढऱ्या पायांवर, आणि तिथेच शेजारी काळ्या कातडीला काहीही नसेल, तर कातडीचं मलम बाजूला ठेवून यकृताचा विचार करा. काही वनस्पती खाल्ल्याने यकृत बिघडतं आणि मग ऊन सोसत नाही. गुरांमध्ये घाणेरीमुळे असं होतं हे शेतकऱ्यांना माहीत आहे. आपल्याकडे पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला, घोडा भाग्याचा मानतात, पण या दुखण्यात पहिला भाजतो तोच. सावलीत बांधा, चराऊ जागा बदला, रक्ततपासणी करून घ्या.

वरातीच्या घोड्यांची तऱ्हा वेगळी. मोहरकीखाली (तोंडावरच्या पट्ट्यांखाली), छातीपट्ट्याखाली, नेमक्या पट्ट्याच्या आकाराचे चट्टे दिसले, तर जरीची किनार, नवा रंग किंवा घाम साठवणारं नायलॉनचं अस्तर यांच्याकडे बघा. अंगावर नक्षी काढायला काळी मेंदी वापरत असाल तर ती आधी बंद. तिच्यात अनेकदा केस काळे करायचं रसायन मिसळलेलं असतं, आणि त्याची अ‍ॅलर्जी माणसांतही चांगलीच ओळखीची आहे.

भरत नसलेली जखम हा आणखी एक प्रकार, आपल्याकडे त्याला जुनं नाव आहे: बरसाती. डोळ्याच्या कोपऱ्यात, पायावर, मूत्रमार्गाच्या तोंडाशी पावसाळ्यात जखम फुगत जाते आणि तिच्यात पिवळट, रव्यासारखे कडक दाणे सापडतात. माश्या घोड्याच्या पोटातल्या एका कृमीच्या अळ्या जखमेवर आणून सोडतात, त्यामुळे कातडीची ही प्रतिक्रिया होते. इंग्रजी काळातल्या पशुवैद्यांनी हे नाव आपल्याकडूनच उचललं. साचलेल्या पाण्यात राहणाऱ्या, बुरशीसारख्या एका जीवामुळे होणाऱ्या मिळत्याजुळत्या जखमेतल्या खड्यांना ते 'कंकर'वरूनच आलेला 'कंकर्स' हा शब्द वापरत, आजही वापरला जातो. पहिल्या प्रकाराला आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचा उपयोग होतो, दुसऱ्याला होत नाही आणि तो भराभर वाढतो. म्हणून महिनाभर न भरलेल्या जखमेचा तुकडा तपासायला द्या.

पायाच्या आतल्या बाजूने दोरीत ओवल्यासारख्या गाठी आल्या, त्या फुटून मधासारखा चिकट पू येतोय, नाकातून घट्ट स्राव येतोय: इथे हात मागे घ्या. हा ग्लँडर्स असू शकतो. 2006 मध्ये पुणे आणि पाचगणी भागातल्या घोड्यांत तो सापडला होता. माणसालाही होतो, जीवघेणा ठरू शकतो, आणि कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. घोडा वेगळा बांधा, गाठी फोडू नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात. गाठी दिसल्या की लोक हल्ली लम्पी म्हणून मोकळे होतात, 2022 च्या साथीपासून तो शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला आहे. लम्पी गाई-म्हशींचा आजार आहे, घोड्याला होत नाही.

शेवंतीचं निदान: चिलटं

आयाळ, शेपटीचा बुंधा आणि कधी पोटाखालची मधली रेघ. एकच जनावर, ठरावीक मोसम, संध्याकाळ आणि पहाट, वारा पडलेला. डॉक्टरांनी कॅलेंडर बघितलं, कातडीची खरवड तपासून खरूज आणि बुरशी नाही याची खात्री केली आणि म्हणाले, 'हिला चिलटांच्या लाळेची अ‍ॅलर्जी आहे.'

ही चिलटं म्हणजे क्युलिकॉइड्स, जेमतेम एक ते तीन मिलिमीटरची. चावतात माद्या, अंडी घालायला रक्त लागतं म्हणून. ती सगळ्याच घोड्यांना चावतात. शेवंतीचं शरीर मात्र त्या लाळेवर भडकतं, आणि एकदा भडकायला शिकलं की दर वर्षी थोडं जास्तच भडकतं. हा कल काही अंशी वारशाने येतो, म्हणून अशा घोडीची पैदास करताना दोनदा विचार करावा. आइसलँडचे घोडे याचं नामी उदाहरण. त्यांच्या देशात घोड्यांना छळणारी ही चिलटं नाहीत. तिथे वाढलेले घोडे युरोपात विकले गेले की त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ही खाज धरते.

कायमचा इलाज नाही, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. चिलटं आणि कातडी यांची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच हातात आहे.

सगळ्यात जास्त फरक पंख्याने पडला. चिलटांना उडणं फारसं जमत नाही, मध्यम वाऱ्यातही ती टिकत नाहीत. शेवंतीच्या गव्हाणीवर एक मोठा पंखा उंचावर लावला, वायर तिच्या तोंडापासून लांब आणि पाइपातून नेलेली. दुपारी साडेचारला ती आत आणि पंखा चालू. पूर्वी मी तिला संध्याकाळी मोकळी सोडायचो, दिवसभर कष्ट केले, जरा चरू दे म्हणून. माझी ती दया तिला महागात पडत होती.

झुलीचा पहिला प्रयोग फसला. मच्छरदाणीच्या कापडाची झूल शिवून घेतली होती. डास अडले, चिलटं आरामात आत गेली, कारण त्यांना ती भोकं म्हणजे दिंडी दरवाजा. मग खिडकीच्या झिरझिरीत पडद्याचं बारीक विणीचं कापड आणलं. मान, पोट आणि शेपटीचा बुंधा झाकेल अशी झूल शिंप्याकडून बेतून घेतली. त्याने आधी माप घ्यायला नकार दिला, मग स्वतःच खूश होऊन शेपटीला चुणी घातली. झूल भिजली की लगेच बदलायची, म्हणून दोन शिवल्या.

तिसरी गोष्ट उकिरडा. चिलटांच्या अळ्या ओल्या चिखलात आणि शेणमातीच्या दलदलीत वाढतात. लिदीचा ढीग तबेल्याच्या मागच्या भिंतीला लागून होता. तो लांब उतारावर हलवला, पाण्याच्या पिंपाखालचा चिखल खडी टाकून बुजवला. पावसाळ्यात माथेरानभर ओल असताना याने चिलटं संपत नाहीत, पण दारातली पैदास तरी थांबते.

अंगाला लावायला घोड्यांसाठीचंच पर्मेथ्रिनचं औषध डॉक्टरांनी दिलं. तबेल्यात मांजर असेल तर जपा, मांजराला ते विष आहे. मधल्या दिवशी मी करंजाचं तेल थोड्या खोबरेल तेलात मिसळून आयाळीच्या मुळाशी लावतो, फक्त न फुटलेल्या कातडीवर आणि सूर्य कलल्यावर. पहिल्यांदा लावताना मानेवर तळहाताएवढ्या जागी लावून एक दिवस थांबा. अ‍ॅलर्जीच्या घोड्याला औषधाचीच अ‍ॅलर्जी व्हायची, तर काय उपयोग?

आणि हे सगळं मृगाच्या आधी सुरू करायचं. खाज सुटल्यावर घोडा घासतो, घासल्याने कातडी फुटते, फुटलेली कातडी आणखी खाजते. ते चक्र फिरायला लागलं की पंखासुद्धा उशिरा आलेला पाहुणा.

जे लावू नये, देऊ नये

गाई-म्हशींच्या गोचिडांवरचं अमिट्राझ घोड्याला कधीही लावू नका. त्याने घोड्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते आणि जीवघेणी पोटदुखी होते. दुकानदार 'जनावराचं औषध' म्हणून देतो, आणि घोडाही जनावरच, अशी ती चूक होते. जळकं ऑइल, डिझेल, रॉकेल यांनी कातडी भाजते आणि घोडा ते चाटतो. मेडिकलमधल्या माणसांच्या 'खाज-खरूज-नायटा' मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर अनेकदा तीव्र स्टिरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, आतून बुरशी वाढत राहते.

स्टिरॉइडचं इंजेक्शन वाईट नाही. खाज अगदी हाताबाहेर गेली तर ते लागतं. पण डोस आणि दिवस डॉक्टरांनी ठरवायचे. घोड्यात त्याने खुरांच्या आतला दाह, म्हणजे लॅमिनायटिस होण्याचा धोका असतो, आणि लंगडा घोडा खाजऱ्या घोड्यापेक्षा फार मोठं संकट आहे. गाभण घोडी असेल तर आधी सांगा. माझ्याकडे उरलेल्या बाटलीतून 'मागच्या वेळेसारखं' टोचून घ्यायची पद्धत होती, ती बंद केली.

जवळ घोड्याचे डॉक्टर नसतील, तर 1962 या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागता येते. अवघड प्रकरणांसाठी आमच्या बाजूला परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महाबळेश्वर-पाचगणीकडच्यांना शिरवळचं महाविद्यालय जवळ पडतं. जाताना औषध लावणं आदल्या दिवसापासून थांबवा, म्हणजे खरवडीत काही तरी सापडेल. फोटो, कॅलेंडर आणि आतापर्यंत दिलेल्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या सोबत न्या. मी रिकाम्या बाटल्या नेल्या तेव्हा कळलं, की दोन वेगवेगळ्या नावांखाली मी एकच औषध दिलं होतं.

या वर्षी आषाढभर शेवंतीची आयाळ जागेवर होती. श्रावणात एका रात्री वादळाने वीज गेली ती तीन दिवस आलीच नाही. पंखा बंद, वारा पडलेला, धुकं तबेल्यात शिरलेलं. तिसऱ्या पहाटे गेलो तर खांबाला काळ्या केसांचा एक झुबका. वीज आल्यावर पाचव्या दिवशी खांब परत स्वच्छ दिसला, तेव्हा घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दाराने न सांगताच कॅलेंडरवर खूण केली.